कंपन्यांना विरोध आणि महिन्याचं वाणसामान

कोलशेतकर | सोमवार, रात्री १०:४२

आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे 'दहा मिनिटांत घरपोच'वाल्या एका कंपनीने भाड्याने घेतलेत. काचांना आतून काळी फिल्म, शटर अर्धं खाली, फुटपाथवर दिवसरात्र दुचाक्या. लागूनच्या गाळ्यात कित्येक वर्षांचं किराणा दुकान आहे. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच सह्यांची मोहीम निघाली, 'आपला दुकानदार वाचवा, कंपनी हटवा'. मोहीम चालली व्हॉट्सॲपवर, म्हणजे मेटाच्या जागेत. आणि सह्या करणाऱ्यांपैकी किती घरांत त्याच कंपनीच्या पिशव्या येतात ते गेटवरच्या नोंदीत दिसतंच.

दुटप्पीपणा म्हणून हसून सोडून देता येईल, पण मला त्यात खरोखरचा पेच दिसतो. माझ्या पिढीने दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाच्या विरोधात घोषणा दिल्या. १९९३ मध्ये कोका-कोला परत आलं तेव्हा थंड पेय प्यायचं नाही असं ठरवलेले मित्र होते. रायगडच्या सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) वेळी पेण तालुक्यातल्या २२ गावांचं सार्वमत झालं, सप्टेंबर २००८, तेव्हा आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. आज त्याच मंडळींचं महिन्याचं सामान डीमार्टमधून येतं आणि बड्या भांडवलावरची टीका ती यूट्यूबवर ऐकतात.

शुद्ध राहायचंच म्हटलं तर कुठवर जाता येतं बघा. मॉल टाळला, गाडीवरून भाजी घेतली. पैसे देताना गाडीला अडकवलेला जांभळा क्यूआर स्कॅन केला. तो फोनपेचा. २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्ट घेतलं, त्यात फोनपेही आलं. म्हणजे मेथीची जुडी शहापूरची आणि 'पैसे मिळाले' म्हणून ओरडणारा डबा वॉलमार्टच्या घरचा.

बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला. ट्रक कुणाचा, माल कुणाचा, अडवायचं कुठे, सगळं डोळ्यांसमोर होतं. आज ट्रक अडवला तर आत आपलंच पार्सल निघेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दुकानाच्या फळीसमोर उभं राहिल्यावर तत्त्व आठवणं म्हणजे उशिरा आठवणं. एकट्याने ब्रँड बदलला म्हणून कुठल्या कंपनीचं काही बिघडत नाही, बिघडलंच तर घरातल्या माणसांचं बिघडतं. केरळात प्लाचीमडाचा कोका-कोलाचा कारखाना २००४ मध्ये बंद पडला तो गावकरी धरणं धरून बसले आणि ग्रामपंचायतीने परवाना नाकारला म्हणून. माथाडींना हक्क मिळाले ते १९६९ च्या कायद्याने, आणि त्या कायद्यामागे अण्णासाहेब पाटलांची संघटना होती. यात कुणी कुठला साबण वापरला याचा काही संबंध नाही.

तर प्रश्न असा, की रोजच्या खरेदीत तत्त्व कुठे लावायचं आणि कुठे सोडून द्यायचं? 'सगळं फोल आहे' आणि 'आम्ही टूथपेस्टसुद्धा घरी करतो' ही दोन टोकं वगळून लिहा.

फुकटचंबू | सोमवार, रात्री ११:०५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कुठल्या कंपनीचं ते विचारू नये.

तेजीमंदी | मंगळवार, सकाळी ८:१५

कोलशेतकर, धागा चांगला आहे, पण गृहीतकच तपासा. विरोध नेमका कशाला? मोठ्या आकाराला, परदेशी मालकीला, की वाईट वागणुकीला? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण तिन्हींची खिचडी करतो.

परदेशी म्हणाल तर मालकी दर दहा वर्षांनी फिरते. थम्स अप १९९३ मध्ये रमेश चौहानांनी कोका-कोलाला विकलं. देशी म्हणून मुलांना घेऊन दिलेली कॅम्लिनची कंपासपेटी २०११ पासून जपानच्या कोकुयोची आहे. तुम्ही किती जणांच्या शेअरहोल्डिंगवर लक्ष ठेवणार?

मोठी म्हणाल तर अमूल प्रचंड मोठं आहे, पण ते गावोगावच्या दूध संस्थांचं आहे. लिज्जत १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलं. आज ते किती मोठं आहे! त्याला कॉर्पोरेट म्हणून नाकारणार?

आणि डीमार्टला शिव्या घालण्याआधी एवढं लक्षात घ्या, की त्यांचं कॉर्पोरेट ऑफिस आपल्या ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये आहे. २००२ मध्ये पवईत पहिलं दुकान काढलेली ही कंपनी. दुकानाच्या जागा शक्यतो विकत घ्यायच्या आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे, या त्यांच्या पद्धतीमुळे भाव खाली राहतो. हे चातुर्य आहे, गुन्हा नाही.

शेवटचं. तुमचा पीएफ असेलच. ईपीएफओ ऑगस्ट २०१५ पासून नव्या ठेवींतला काही हिस्सा निफ्टी-सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये, म्हणजे शेअर बाजारात घालतं. सुरुवात ५ टक्क्यांनी झाली, पुढे १५ वर नेला. एलआयसीची पॉलिसी असेल तर तिच्यामार्फत तुम्ही आयटीसीत आहातच. म्हणजे मोर्चात घोषणा देणारा माणूस त्याच कंपनीचा चिमूटभर मालक असतो. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

जांभळीनाका | मंगळवार, दुपारी २:५०

दुकानात बसून फोनवर लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आमचं किराणा दुकान आहे, ठाण्यातच, कुठे ते सांगत नाही.

'दुकानदार वाचवा' वाचून बरं वाटलं. पण वाचवायला येणारं गिऱ्हाईक घेतं काय? रात्री साडेनऊला ब्रेड, दही, कोथिंबीर आणि हातात पाचशेची नोट. महिन्याची यादी डीमार्टला गेलेली असते. आमचा नफा त्या यादीत असतो, ब्रेडमध्ये नाही.

दुसरं असं, की कंपनीविरोधी म्हणून माझ्याकडे आलात तरी फळीवर काय आहे? सर्फ, रिन, लक्स, लाइफबॉय, ब्रू, किसान, सगळं हिंदुस्तान युनिलिव्हरच. साबण-पावडर-बिस्किटात आठ-दहा टक्के सुटले तरी डोक्यावरून पाणी. दोन पैसे सुटतात ते सुट्या मालात: तूरडाळ, पोहे, गूळ, सुकं खोबरं, साबुदाणा. सुट्या डाळीत खडे निघाले तर गिऱ्हाईक परत आणून तोंडावर मारतं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मी डाळ घेताना मूठ भरून बघतो, वास घेतो, मगच पोतं उचलतो.

कंपनीचा सेल्समन टॅब घेऊन येतो. जास्त पेट्या उचला, स्कीम घ्या. दोन-चारच उचलल्या तर स्कीम नाही. मोठ्या साखळी दुकानांना कंपनी थेट माल देते, आम्हाला मधल्या डिस्ट्रिब्युटरमार्फत. म्हणून काही वेळा ऑफरमधली पावडर डीमार्टमध्ये आम्हाला होलसेलपेक्षा स्वस्त पडते आणि छोटे दुकानदार तिथून उचलून आणून विकतात. तिथे 'एका ग्राहकास इतकेच नग' अशी पाटी लागते ती कुणासाठी वाटली तुम्हाला? मेट्रो कॅश अँड कॅरी आमच्यासारख्यांसाठीच होती. २०२३ मध्ये तीही रिलायन्स रिटेलने घेतली. आता बोला.

तेजीमंदीसाहेब पीएफवर घसरतील म्हणून मीच सांगतो. माझ्याकडे दोन पोरं आहेत, त्यांना पीएफ नाही. गावाला जाताना पैसे देतो, आजारपण बघतो, पण ते माझ्या मर्जीवर आहे आणि मर्जी म्हणजे हक्क नव्हे हे मलाही कळतं. लॉकडाऊनमध्ये मात्र खातं आम्हीच चालवलं, कुठल्याच ॲपने नाही. वहीत काही नावं अजून उभी आहेत.

तेजीमंदी | मंगळवार, दुपारी ३:२०

@जांभळीनाका, प्रामाणिक प्रतिसादाला +१. पीएफचा कायदा २० माणसांपासून लागतो आणि महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा छोट्या दुकानांकडे नोंदणीसुद्धा मागत नाही, नुसती सूचना दिली की झालं. म्हणजे 'छोट्याकडून घ्या' याचा एक अर्थ 'जिथे कामगार कायदा पोचत नाही तिथून घ्या' असाही होतो. भावनेच्या भरात हे विसरलं जातं.

पाटावरवंटा | मंगळवार, रात्री ९:३०

सगळे प्रतिसाद वाचले. मालकी झाली, शेअर झाले, मार्जिन झालं. तत्त्व कुणाचं आणि पिशवी कुणाच्या हातात, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

आमच्याकडे 'कंपनीमुक्त घर' हा प्रयोग झाला. कल्पना अर्थात यजमानांची, एक शिबिर करून आले होते. टूथपेस्ट बंद, दंतमंजन सुरू. बिस्किटं बंद, शंकरपाळे सुरू. पाकिटातला मसाला बंद, मिरच्या-धणे आणून, देठं काढून, उन्हात घालून डंखावर कांडून आणायचे. एक यादी एका दुकानात मिळायची ती चार ठिकाणी विभागली: जांभळी नाक्यावर धान्य, गोखले रोडला खादीचा साबण, घाण्याचं तेल तिसरीकडे, भाजी चौथीकडे. ही सगळी पायपीट कुणी केली ते सांगायला नको. यजमानांच्या वाट्याला दंतमंजनाची चव आली, एवढंच.

भांड्यांचा साबण बंद करून रिठ्याचं पाणी केलं. रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळायचे, कुस्करायचे, गाळायचे. चार दिवसांनी त्याला आंबूस वास मारतो. कामाच्या मावशींनी आठवडाभर निमूट वापरलं. मग एक दिवस कढई माझ्यापुढे धरली, "ताई, बोट फिरवून बघा." कढई चिकट होती. "दोनदा घासते मी, तरी निघत नाही. मनगट दुखतं. तुमचं काय ते व्रत कधी संपणार?" युनिलिव्हरला धडा शिकवायला निघालेलं तत्त्व मावशींच्या मनगटात जाऊन बसलं होतं. त्यांचा पगार आम्ही वाढवला नव्हता, काम वाढवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भांड्यांचा बार आणला. तांब्या-पितळेला पितांबरी पूर्वीपासून आहे, निदान ठाण्याची कंपनी.

त्यामुळे कोलशेतकर, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की जे तत्त्व पाळायला दुसऱ्याचे हात लागतात त्याचा निर्णय त्या हातांना विचारून घ्यावा. डंखाचा मसाला मी ठेवलाय, कारण तो मला करायला आवडतो आणि चवीत फरक पडतो. ते तत्त्व वगैरे काही नाही.

फुकटचंबू | मंगळवार, रात्री ९:४१

यजमान हा धागा वाचतात का?

पाटावरवंटा | मंगळवार, रात्री ९:४४

वाचतात. प्रतिसाद देत नाहीत.

ऐरोलीचा_बग | बुधवार, रात्री १२:५०

मी बहुतेक इथला सगळ्यात लहान असेन, त्यामुळे खलनायकाची बाजू मांडतो. ऑफिस ऐरोलीला, घर घोडबंदर रोडला. घरी पोचायला अकरा वाजतात. आई एकटी असते. तिची औषधं, दूध, इन्शुलिनच्या सुया मी कॅबमध्ये बसून मागवतो आणि माझ्या आधी घरी पोचलेल्या असतात. काका, मला जाता-येता किराण्यात गप्पा मारत खरेदी करायला आवडेल, पण मी येतो तेव्हा शटर खाली असतं. दहा मिनिटांचा धंदा लोकांच्या आळसावर चालतो असं समजू नका. ठाण्याच्या ट्रॅफिकवर आणि आमच्या शिफ्टवर चालतो.

आता खरी गोष्ट. आमच्या टॉवरला चार लिफ्ट आहेत. तीन रहिवाशांना, चौथीवर पाटी: 'डिलिव्हरी, घरकामगार व पाळीव प्राणी यांच्यासाठी'. सकाळी त्या एकाच लिफ्टमध्ये कचऱ्याचे डबे, कामाच्या बायका, कुत्री आणि डिलिव्हरीची पोरं. परवा मी कामाला निघताना एक पोरगा लॉबीत उभा होता, पाठीवर चौकोनी बॅग, हातात फोन, नजर लिफ्टच्या आकड्यांवर. चौथी लिफ्ट २६ वर अडकलेली. शेजारची रिकामी, दार उघडं. मी म्हटलं, चल. तो म्हणाला, "नको सर, कॅमेरा आहे. वॉचमनला बोलतात." वॉचमन मान खाली घालून रजिस्टर बघत होता. त्या पोराला प्रत्येक ऑर्डरमागे पैसे मिळतात. उभं राहण्याचे मिळत नाहीत.

ही पाटी कंपनीने लावलेली नाही, आमच्या एजीएमने (सोसायटीच्या वार्षिक सभेने) हात वर करून मंजूर केली आहे. त्याच एजीएममधले लोक फेसबुकवर गिग कामगारांच्या शोषणावर लेख शेअर करतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांची व्याख्या आली, कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या निधीत घालायची तरतूद आली. ती अंमलात नीट आणणं आपल्या एकेकट्याच्या हातात नाही, मान्य. चौथ्या लिफ्टवरची पाटी मात्र आपल्याच हातात आहे ना?

कोलशेतकर | बुधवार, सकाळी ७:२०

@ऐरोलीचा_बग, आमच्याकडेही पाटी आहे. शब्द वेगळे आहेत, 'सर्व्हिस लिफ्ट' म्हणतात. सह्यांच्या मोहिमेत तिचा उल्लेख कुठेच नव्हता, मी आत्ता परत काढून पाहिलं.

@पाटावरवंटा, 'घरातल्या माणसांचं बिघडतं' असं मी वर मोघम लिहिलं होतं, तुम्ही नेमकं कुणाचं ते सांगितलंत.

तीनहातनाका | बुधवार, सकाळी ११:१०

थोडं अवांतर. ठाण्यात बसून 'कंपनीविरोध' म्हणताना मला जरा हसू येतं. या शहराचं दुःख कंपन्या आल्या हे नसून त्या गेल्या हे आहे. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. गेटवर मालकाच्या नावाने शंख करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. बोनस, कॅन्टीन, कायम करा, एकेक गोष्ट भांडून घेतली. कारखाना बंद झाला त्या दिवशी तेच वडील गप्प झाले आणि पुढची कित्येक वर्षं त्या रस्त्याने जाताना रिक्षातून दुसरीकडे बघायचे. रेमंडची गिरणी होती तिथे आता रेमंडचेच टॉवर आहेत. ज्यांनी तिथे कापड विणलं त्यांच्यातल्या किती जणांना तिथला फ्लॅट परवडला असेल?

कारखान्यातल्या कंपनीशी भांडता यायचं, कारण तिला गेट होतं आणि आत जाणारे आपण होतो. आताच्या कंपनीशी आपलं नातं फक्त गिऱ्हाईकाचं. गिऱ्हाईकाने रागावून काय करायचं, एक स्टार द्यायचा? म्हणून सगळा राग दुकानातल्या निवडीवर येऊन बसलाय असं मला वाटतं. दुसरी जागाच ठेवलेली नाही.

विसोबा | बुधवार, सायंकाळी ५:३५

गिऱ्हाईकाने काय करायचं, याचं एक उत्तर आमच्या पिढीने देऊन ठेवलंय. तीनहातनाका, तुम्ही लहान असाल तेव्हा. मुंबई ग्राहक पंचायत, १९७५. त्याही आधी, १९४८ मध्ये नायगावच्या गिरणी कामगारांनी सहकारी दुकान काढलं, त्याचं अपना बाजार झालं.

पंचायतीचं काम कसं चालायचं ते आमच्या नौपाड्यातल्या संघावरून सांगतो. शेजारपाजारच्या घरांचा मिळून एक संघ. महिन्याला छापील मागणीपत्रक यायचं, प्रत्येक घराने आपापले आकडे भरायचे, पैसे आधी. ठरलेल्या दिवशी ट्रक यायचा. ज्याची पाळी त्याच्या घरी माल उतरायचा. आमची पाळी असली की हॉलमधला पलंग उभा करून ठेवावा लागे. जमिनीवर जुन्या चादरी, एका कोपऱ्यात तराजू, भिंतीलगत पिशव्यांवर नावाच्या चिठ्ठ्या. एक जण मागणीपत्रक मोठ्याने वाचायचा, दुसरा मोजायचा, तिसरा पिशवीत टाकायचा. रव्याचं पाकीट कमी आलं की सगळ्यांचे आकडे परत जुळवायचे. पोरं गुळाच्या ढेपेभोवती घोटाळायची. जाहिरात नाही, दुकानाचं भाडं नाही, मधला दलाल नाही. डाळ वाईट निघाली तर पुढच्या सभेत कार्यकर्त्याला उभं करून विचारता यायचं, आणि विचारायचे लोक!

बहिष्काराचंही सांगतो. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर आमच्या संघातल्या घरांनी ठरवलं, एव्हरेडीचे सेल घ्यायचे नाहीत, कारण ते युनियन कार्बाइडचे. बरीच वर्षं पाळलं. १९९४ मध्ये युनियन कार्बाइडने इथला हिस्सा विकला, पुढे कंपनीचं नावच एव्हरेडी झालं. दुकानातला सेल तोच, मालक दुसरा. मग बहिष्कार उठवायचा की ठेवायचा यावर एका वितरणाच्या दिवशी दीड तास वाद झाला आणि तांदूळ मोजायचा तसाच राहिला. एका बाईंनी विचारलं, "भोपाळच्या लोकांना आपण सेल न घेतल्याचं कळलं तरी का?" कुणाला उत्तर देता आलं नाही. पण त्याच बाई पुढे भोपाळच्या निधीसाठी दारोदार फिरल्या.

कोलशेतकर, तुम्ही म्हणता ब्रँड बदलून काही होत नाही. सरसकट तसं म्हणू नका. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला तो तान्ह्या बाळांच्या डबाबंद दुधावरून. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची संहिता आली, १९९२ मध्ये आपल्याकडे कायदा. आज टीव्हीवर बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात दिसत नाही ती त्या कायद्यामुळे. डबा न घेणारे आणि कायदा मागणारे एकाच चळवळीतले होते.

आमचा संघ आता मोडल्यात जमा आहे. ट्रक येतो त्या वेळी घरी कुणी नसतं.

कोलशेतकर | बुधवार, सायंकाळी ६:१०

विसोबा, नेस्लेचा मुद्दा बिनशर्त मान्य. पण तिथेही बहिष्काराच्या हाती एक नेमकी मागणी होती: ही जाहिरात बंद करा. आमच्या सह्यांच्या कागदावर मागणी काय, तर 'हटवा'. हटवून ती कंपनी पुढच्या सोसायटीत जाईल आणि ऑर्डर तिथून येतील.

तेजीमंदी | बुधवार, सायंकाळी ७:००

विसोबा, पलंग उभा करून ठेवण्याचं वर्णन वाचून मजा आली, पण तुमच्या हिशेबात श्रमाची किंमत धरलेली नाही. मोजणारे, वाचणारे, पाळी घेणारे फुकट राबले म्हणून माल स्वस्त पडला. डीमार्ट तेच काम पगार देऊन करवून घेतं.

पाटावरवंटा | बुधवार, रात्री ८:४५

@तेजीमंदी, यावेळी मी तुमच्या बाजूने. आणि विसोबा, खरं सांगा, मागणीपत्रक मोठ्याने वाचणारे पुरुष आणि पिशव्या भरणाऱ्या बायका, असंच होतं ना?

विसोबा | बुधवार, रात्री ९:१५

वाचायची आमची ही, शिक्षिका होती, आवाज खणखणीत. मी तराजूवर. पण ट्रकवाल्याला चहा कुणी केला म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. एक सांगू का, त्या बायकांतल्या कित्येक जणी त्याच कामातून पुढे ग्राहक न्यायालयात स्वतः उभ्या राहिल्या. डीमार्टच्या रांगेत उभं राहून ते होणार नाही.

कळवापूल | गुरुवार, सकाळी १०:३०

दोन फुटकळ मुद्दे. आमच्याकडे कळव्यात २०२० पासून वीजबिल टोरेंटचं येतं. महावितरणची फ्रँचायझी. मी तत्त्व लावलं तर मेणबत्ती. त्यामुळे 'निवड' हा शब्द जपून वापरा, पाइप आणि तार यात निवड नसते. तिथे वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत जाऊन हरकत नोंदवणं एवढंच उरतं.

दुसरं, स्थानिक घ्या म्हणून वाडा कोलम घेणाऱ्यांनी सावध राहावं. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या नावाखाली बाहेरचा तांदूळ सर्रास विकला जातो. आमचे नातेवाईक वाड्याला पिकवतात. एवढ्या जमिनीत एवढा तांदूळ होतच नाही, जेवढा ठाण्याच्या दुकानांत दिसतो.

जांभळीनाका | गुरुवार, दुपारी ३:०५

कळवापूल बरोबर बोलतायत. मी पाटीवर 'कोलम' लिहितो, 'वाडा' लिहीत नाही.

कोलशेतकर | शुक्रवार, रात्री १०:१५

थोडी प्रगती. सेक्रेटरींना भेटलो. सह्यांच्या अर्जातलं 'हटवा' काढून तीन मागण्या घातल्या: दुचाक्या फुटपाथवर नाही तर गाळ्यामागच्या जागेत, रात्री अकरानंतर माल उतरवायचा नाही, आणि पोरांसाठी गाळ्यात संडास व पिण्याचं पाणी. तिसरीवर एक सदस्य म्हणाले, "ते आपण कशाला मागायचं, त्यांचा प्रश्न आहे." सध्या ही पोरं कुठे जातात असं विचारल्यावर गप्प बसले. सर्व्हिस लिफ्टची पाटी काढण्याचा विषय येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतला आहे. तो पास होईल याची मला खात्री नाही. कुत्रेवाल्यांचा पाठिंबा मिळेल असं दिसतंय.

किराणावाल्याशीही बोललो. आमच्या मजल्यावरची काही घरं आणि खालच्या दोन मजल्यांवरची मिळून एकच यादी द्यायची, त्याने एकदम माल उचलायचा, हे जमेल का विचारलं. तो विचार करून सांगतो म्हणाला. @जांभळीनाका, तुमच्या अनुभवाने हे परवडतं का?

जांभळीनाका | शुक्रवार, रात्री १०:५०

परवडतं, पण अटी आहेत. यादी २५ तारखेच्या आत. निम्मे पैसे आगाऊ. एकच तेल, एकच पावडर ठरवा, प्रत्येक घराचा वेगळा ब्रँड असेल तर स्कीम मिळत नाही. डाळ-तांदूळ आधी नमुना बघून घ्या. आणि ॲपवरचा भाव फोनवर दाखवून घासाघीस करायची नाही, एखादी वस्तू तिथे स्वस्त असणारच. एवढं केलंत तर साबणसुद्धा छापील किमतीच्या खाली देता येतो. माझ्याकडे एका शाळेच्या शिक्षकांची अशी यादी येते.

तेजीमंदी | शुक्रवार, रात्री ११:०२

म्हणजे घाऊक खरेदी, आगाऊ पैसे, मोजके ब्रँड. डीमार्टचंच मॉडेल. शुभेच्छा, उपरोध नाही.

पाटावरवंटा | शनिवार, सकाळी ८:१०

@कोलशेतकर, यादी गोळा कोण करणार? 'वहिनी करतील' असं असेल तर आत्ताच सांगा, वहिनींना मी व्यक्तिगत निरोप पाठवते.

फुकटचंबू | शनिवार, सकाळी ८:१२

नेटवर्क गेलं माझं.

कोलशेतकर | शनिवार, सकाळी ९:००

मीच करणार, रिटायर्ड माणूस आहे. तेलावरून आत्ताच दोन तट पडलेत, शेंगदाणा आणि सूर्यफूल. प्रत्येक मजल्यावर कागद फिरवावा म्हणतोय.

पाटावरवंटा | शनिवार, सकाळी ९:२५

कागद तिसऱ्या घरात हरवतो. गुगल फॉर्म करा.